सात सक किती? (घरी मुलांचा अभ्यास घेतानाचे अनुभव)

चिंचगुळ
आमच्या वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय. रोज रात्री साडेआठच्या सुमारास छतातून आवाज येतो, "सात सक किती?" मग शांतता. मग जरा वरच्या पट्टीत, "सात सक कितीऽऽ?" काल माझी पोळी तव्यावर करपली, कारण मी खाली उभी राहून मनातल्या मनात "बेचाळीस, अरे बेचाळीस, सांग की रे" करत होते.

लेक आता हॉस्टेलला असते. दुसरीत होती तेव्हा ५२ दाखवलं की पंचवीस म्हणायची आणि पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहायची. मला वाटे मुद्दाम करते. एकदा पट्टी उगारली. मारली नाही, पण तिने जे डोळे घट्ट मिटले ते अजून दिसतात. पुढे केव्हातरी लक्षात आलं की पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो आणि लिहिताना आधी दोन लिहितो. जन्मभर मराठी बोलतेय, कधी डोक्यातच आलं नाही.

तुमचे अनुभव लिहा. वाचन, गणित, रडारड, सगळं चालेल.

सातवा_मजला
तुमच्या वर आम्हीच राहतो का? कुठे राहता?? 😅

चिंचगुळ
ठाण्यात. घाबरू नका.

सातवा_मजला
हुश्श. आम्ही चिंचवडला. आमच्याकडे नऊ साती चालू आहे.

गणोबा
यावरूनच २०१९ मध्ये गदारोळ झाला होता ना. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं, सत्तावन्नला 'पन्नास सात'. समितीवर मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं हेच होतं, बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलटा पडतो, शिवाय जोडाक्षरं, पोरं अडखळतात. तेव्हा मीही व्हॉट्सॅपवर जोरजोरात विनोद फॉरवर्ड केले होते. आता मुलगी दुसरीत आहे. सदुसष्ट आणि शहात्तर यात तिचा रोज जो गोंधळ होतो तो बघून मी गपचूप 'साठ सात' सुरू केलंय. आईला (माझ्या) सांगू नका.

पक्की_कोल्हापुरी
एकोण चं काय मग? एकोणतीस एकोणचाळीस शिकवलं, पोरगं खूश झालं, नियम कळला म्हणे. ९९ ला एकोणशंभर म्हणाला. मी म्हटलं नव्व्याण्णव. "का?" आता का ते मला कुठं म्हाईत. जेवायला बस म्हटलं.

म्युनिककर
आम्ही जर्मनीत. इथेही आधी पाच मग वीस, फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश. त्यामुळे मराठी आणि जर्मन एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या बाजूला. मुलगा पहिलीत आहे, आकडा ऐकला की उजवीकडचा अंक आधी लिहितो, मग डावीकडे जागा सोडलेली असते तिथे दुसरा. बाईंनी वहीवर खूण करून विचारलं हे काय. आम्ही बघत बसलो, उत्तर तर बरोबर येतंय!

चिंचगुळ
हे माझ्या लेकीला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं, जागा सोडून लिही म्हणून.

साताऱ्याचे_नाना
माझा अनुभव आजोबा म्हणून. नातू तिसरीत. ५२ वजा २७. मी आमच्या पद्धतीने सांगितले, दोनातून सात जात नाहीत, वर दहा दिले, बारातून सात गेले पाच. वर दिले तर खालीही द्यायचे, दोनाचे तीन, पाचातून तीन गेले दोन. पंचवीस. नातू म्हणाला, "आजोबा, हा दहा आणला कुठून?" शाळेत त्यांना पाचाचा एक दशक सुटा करून देतात, पाचाचे चार होतात. मी म्हणालो उत्तर तेच आहे. तर म्हणतो, "पण तुम्ही उसने घेतले एकाकडून आणि फेडताय दुसऱ्याकडे." मी तीस वर्षे बँकेत काढली. मला उत्तर सुचले नाही.
रात्री झोप लागेना, उठून कागदावर मांडले. दोन्ही संख्यांत दहा मिळवले तर फरक बदलत नाही, एवढीच गंमत आहे. वयाच्या सत्तराव्या वर्षी कळले. सकाळी नातवाला सांगितले तर तो कार्टून बघत होता.

सातवा_मजला
नाना 🙏🙏 फेडताय दुसऱ्याकडे हाहाहा

गणोबा
नाना, पावकी निमकी (ते जुने अपूर्णांकांचे पाढे) येते का तुम्हाला?

साताऱ्याचे_नाना
पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनची. सगळ्या म्हणून दाखवेन, पण कोणी ऐकत नाही.

दहीबुत्ती
वाचनावर लिहिते. मुलगी पहिलीत धडाधड धडा वाचायची, नवरा व्हिडिओ काढून गावी पाठवायचा. एकदा बघितलं तर बोट तिसऱ्या ओळीवर, तोंड सहाव्या ओळीवर. अख्खं पुस्तक पाठ होतं! चित्र झाकलं तर एक शब्द येईना. मग पुस्तक ठेवलं कपाटात आणि मी रोज डब्यावर चिठ्ठी चिकटवायला लागले. 'गूळ', 'रवा', 'साखर'. रव्याच्या डब्यावर मुद्दाम 'चिवडा' लिहिलं. धावत आली, उघडला, जी चिडली! त्या दिवसापासून खरं वाचते. जोडाक्षरं अजून कच्ची आहेत, र तर विचारूच नका. सूर्य, चक्र, ट्रक, तिन्हीत र आहे हे ती मान्यच करत नाही.

पक्की_कोल्हापुरी
घड्याळ कुणी शिकवलंय का? आमचा म्हणतो साडेतीन साडेचार आहे तर साडेएक साडेदोन का नाही. आणि पावणेपाच म्हटलं की विचारतो "पाच पावणं येणार?" 😂

अबोली
मी गंमत नाही लिहिणार, सॉरी. आमचा मुलगा तिसरी संपली तरी अक्षरं उलटसुलट वाचायचा. आळशी म्हणून मी मारलंय त्याला. शाळेतून तक्रारी, घरी मार. शेवटी एका ओळखीच्या बाईंनी तपासणी करायला सांगितली. डिस्लेक्सिया निघाला. तोंडी विचारलं तर सगळं येत होतं त्याला. आता धडा मी वाचते, तो ऐकतो, गणितं तोंडी करतो, परीक्षेला वेळ जास्त मिळतो. आठवीत आहे. कुणाचं मूल असं अडत असेल तर पट्टीच्या आधी तपासणी करा एवढंच. त्याने मला कधी काही बोलून दाखवलं नाही.

चिंचगुळ
अबोली 🫂

दहीबुत्ती
अबोली, तुला वेगळा निरोप पाठवलाय बघ. भाचीसाठी विचारायचंय.

नुसतीच_वाचक
अपूर्णांक भाकरीवर शिकवा. अर्धी, चतकोर, नितकोर. पोरं कधी विसरत नाहीत.

म्युनिककर
नितकोर म्हणजे?

नुसतीच_वाचक
चतकोराचा अर्धा.

पक्की_कोल्हापुरी
न्हाई, आमच्यात नितकोर म्हणजे नुसता बारका तुकडा. मापबिप काही नाही.

साताऱ्याचे_नाना
भाकरी कोण वाढते आहे त्यावर आहे.

सातवा_मजला
चिंचगुळ, वरच्यांचं काय झालं? सात सक जमलं का?

चिंचगुळ
आज लिफ्टमध्ये भेटला तो मुलगा. चष्मा, दोन दात पडलेले. मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, "तुम्ही खालच्या काकू ना? तुमच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो. काल नऊ झाल्या."

दहीबुत्ती
नऊ?? काय शिजवत होतीस?

चिंचगुळ
हरभरे. भिजवायला विसरले होते.