आंगिक विनोद, अंगविक्षेप की स्लॅपस्टिक? मूकपटांतल्या हास्यासाठी शब्द हवा आहे

मूळ प्रश्न

आमच्या चित्रपट मंडळात मूकपटांच्या काळातल्या विनोदी चित्रपटांचं एक सत्र आहे. त्याची मराठी पुस्तिका लिहायला घेतली आणि पहिल्याच परिच्छेदात अडले. स्लॅपस्टिकला, म्हणजे पडण्याआपटण्यातून हसवणाऱ्या विनोदाला, मराठीत काय म्हणायचं? जे जे सुचतं ते नाक मुरडणारं आहे: अंगविक्षेप, माकडचेष्टा, आचरट चाळे, धांगडधिंगा, पाचकळपणा.

आता हे शब्द घेऊन मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटनकडे जा. १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. तो जिथे उभा आहे नेमकी तिथेच वरची उघडी खिडकी येते, आणि भिंत जमीनदोस्त झाल्यावरही तो उभाच असतो. भिंत खरी होती, वजन सुमारे दोन टन. चौकट आणि त्याचं अंग यांत जेमतेम काही इंचांची फट. थोडा जरी सरकला असता तर मेला असता. याला मी माकडचेष्टा लिहू?

आणखी दोन शब्द अडले आहेत. कीटनच्या न हसणाऱ्या चेहऱ्यासाठी इंग्रजीत 'डेडपॅन' म्हणतात, तिथे 'मख्ख' चालेल का? आणि मुळात 'मूकपट' हा शब्द तुम्हाला बरोबर वाटतो का?

प्रतिसाद

आधी स्लॅपस्टिकबद्दल. हे मुळात एका वस्तूचं नाव आहे. इटलीत कोमेदिया देल्लार्ते नावाची मुखवटे घालून करायची नाट्यपरंपरा होती. तिच्यातल्या आर्लेकिनोच्या हातात दोन लाकडी पट्ट्या जोडून केलेला सोटा असे. कुणाच्या पाठीत हाणला की पट्ट्या एकमेकींवर आपटून फटकन आवाज येई, पण मार लागत नसे. प्रेक्षकाला लागल्याचं दिसतं, ऐकू येतं, आणि लागलेलं नाही हेही मनात पक्कं असतं, म्हणून हसता येतं. पुढे सोट्याचं नाव त्या जातीच्या सगळ्या विनोदाला पडलं. (पडद्यावर आल्यावर 'मार लागत नाही' हे खरं उरलं नाही. १९२४ च्या 'शेरलॉक ज्युनिअर'मध्ये रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा लोंढा अंगावर आला आणि कीटनची मान रुळावर आदळली. मानेचं हाड मोडलं होतं हे त्याला कित्येक वर्षांनी डॉक्टरांकडून कळलं.)

मराठीतले शब्द नाक मुरडणारे का, याचं कारण आपल्या समीक्षेत आहे. शाळेपासून आपण विनोदाचे प्रकार शिकतो ते शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ. या यादीत शरीर कुठेच नाही! कोल्हटकर, गडकरी, अत्रे, पु. ल. अशी मोठी माणसं आपल्याला लाभली आणि त्यांच्या विनोदाचा फार मोठा भाग भाषेत आहे. त्यामुळे कोटीला प्रतिष्ठा मिळाली आणि जो अंगाने हसवतो तो थिल्लर ठरला. ज्या गोष्टीकडे कुणी आदराने पाहिलंच नाही, तिच्यासाठी आदराचा शब्द कुठून येणार?

पण त्याच्याही मागे गेलं तर शब्द सापडतो. नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. नाटकवाले 'आंगिक' आजही रोज वापरतात. तेव्हा माझं मत 'आंगिक विनोद'.

प्रतिसाद

'आंगिक विनोद' पुस्तिकेच्या शीर्षकात ठीक आहे, पण प्रत्येक परिच्छेदात आला तर वाचणारा कंटाळेल. मराठीचं खरं बळ तिच्या क्रियापदांत आहे. चॅप्लिनचा १९१६ चा 'वन ए. एम.' पाहा. पिऊन घरी आलेला एक श्रीमंत माणूस स्वतःच्याच घरात वरच्या खोलीत पोहोचायचा प्रयत्न करतो, एवढीच गोष्ट. सुरुवातीचा टॅक्सीवाला सोडला तर सगळा वेळ पडद्यावर तो एकटा. त्याचं वर्णन मराठीत करून बघा: भेलकांडतो, लटपटतो, झोकांडी खातो, तोल सावरतो, गालिच्यावरून घसरतो, जिन्यावरून गडगडत खाली येतो, पुन्हा उठतो. यातली कुठलीही दोन क्रियापदं एकमेकांच्या जागी घालता येत नाहीत. भेलकांडणारा माणूस आणि ठेचकाळणारा माणूस वेगळे दिसतात, आणि चॅप्लिनला तो फरक पायांनी दाखवता येत होता.

दुसरी गोष्ट आपल्या आवाजी शब्दांची. धपकन, बदकन, दाणकन, धाडकन, सटकन. हे सगळे शब्द कानाचे आहेत, तरी मूकपटाचं वर्णन करताना तेच तोंडात येतात, आणि मला ते खटकत नाहीत. धपकन बसणं आणि धाडकन आपटणं यांत वजन, वेग आणि जमीन कसली आहे हेही कळतं. बिनधास्त वापरा.

'फजिती' विसरू नका. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये जे पहिले लघुपट तिकीट लावून दाखवले, त्यांत एक माळ्याचा होता. माळी बागेला पाणी घालतोय, एक पोरगा मागून नळीवर पाय देतो, पाणी थांबतं. माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय काढतो. एका मिनिटाच्या आत संपतं. पडद्यावरचा विनोद जन्मला तो फजितीतूनच, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं मॅक लिंडर, मेबल नॉर्मंड, आर्बकल, चॅप्लिन, लॉईड ही सगळी मंडळी त्या फजितीला नवनवीन आकार देत राहिली.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात 'मॅक' लिहिलंय ते 'मॅक्स' हवं. मॅक्स लिंडर फ्रेंच, रेशमी टोपीतला ऐटबाज तरुण. चॅप्लिनने त्याला आपला गुरू म्हटलं होतं. मॅक म्हणजे मॅक सेनेट, १९१२ मध्ये कीस्टोन स्टुडिओ सुरू करणारा. पोलिसांच्या पळापळीचे चित्रपट त्याचे.

एक विनंती: स्लॅपस्टिकला 'फार्स' लिहू नका, तशी चूक वर्तमानपत्रांत सर्रास दिसते. बबन प्रभूंच्या 'झोपी गेलेला जागा झाला'मध्ये धावपळ भरपूर आहे, पण ती धावपळ थापांची आहे. कुणी कुणाला काय सांगितलंय हे प्रेक्षकाला लक्षात ठेवावं लागतं. संवाद काढून घेतले तर नाटक कोसळेल. कीटनचं काय काढून घ्याल?

प्रतिसाद

'सोंगाड्या' कुणीच कसा सुचवला नाही? अंगाने, वेशाने, चालण्याने हसवणाऱ्या माणसासाठी हा आपला घरचा शब्द. दादा कोंडक्यांची ढगळ अर्धी विजार आणि लोंबणारी नाडी आठवा. माणूस तोंड उघडायच्या आत हशा सुरू व्हायचा. या वेशभूषेच्या अभिनयाला नाट्यशास्त्रात आहार्य म्हणतात, आणि चॅप्लिनचंही तेच. विजार ढगळ, कोट तंग, टोपी लहान, बूट मोठे. सगळं एकमेकांच्या विरोधात जावं असं त्याने ठरवून केलं, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. १९१४ च्या फेब्रुवारीत हा वेश पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि आज ज्यांनी त्याचा एकही चित्रपट पाहिलेला नाही तेही सावलीवरून ओळखतात. कच्छमधल्या आदिपूरला दर १६ एप्रिलला त्याच्या वाढदिवसाची मिरवणूक निघते, लहान मुलं तोच वेश करून चालतात.

प्रतिसाद

सोंगाड्या मलाही जवळचा वाटतो, पण तो बोलण्यातही तयार असतो. बतावणीत त्याचं अर्धं काम हजरजबाबीपणाचं. माणसासाठी शब्द घ्या, विनोदाच्या प्रकाराला तो लावू नका.

मी 'मख्ख'वर लिहायला आलो. नाही चालणार. मख्ख माणसाला समोरचं काही कळत नसतं, किंवा कळूनही वळत नसतं. कीटनचा चेहरा नीट पाहा, विशेषतः डोळे. तो सतत हिशेब करत असतो: दोरी किती लांब, गाडी किती वेगात, उडी कधी मारायची. १९२६ च्या 'द जनरल'मध्ये तो इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलाय, रुळावर एक ओंडका आडवा पडलाय आणि त्याच्या हातात दुसरा ओंडका आहे. तो हातातला ओंडका रुळावरच्या ओंडक्याच्या टोकावर नेमका फेकतो आणि दोन्ही बाजूला उडतात. हे मख्ख माणसाला सुचेल का? 'निर्विकार'ही नको. त्या शब्दाला विरक्तीचा वास आहे, आणि कीटनचा माणूस तर प्रेमात पडलेला, घाईत असलेला, कामाला जुंपलेला असतो.

हा चेहरा त्याला लहानपणी रंगमंचावर सापडला. आईवडिलांबरोबर तो व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, नकला, कसरती अशा करमणुकीच्या खेळांत, काम करायचा आणि बाप त्याला उचलून इकडून तिकडे फेकायचा. पोरगा स्वतः हसला की प्रेक्षक हसत नाहीत, गंभीर राहिला की खदखदतात, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. मी लिहीन 'चेहऱ्यावरची रेषही न हलवता'. लांब आहे, पण खोटं नाही. विशेषणच हवं असेल तर 'गंभीर' पुरे.

प्रतिसाद

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, म्हणून 'मूकपट' या शब्दावर थोडं सविस्तर लिहिते.

या चित्रपटांतली माणसं मुकी नाहीत. ती बोलतात, भांडतात, ओरडतात. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही, इतकंच. चित्रपटगृहही शांत नसे. परदेशात पियानो किंवा वाद्यवृंद, आपल्याकडे पेटी-तबला. म्हणजे 'मूक' हे विशेषण पात्रांना लागत नाही आणि प्रेक्षागृहालाही लागत नाही. ते फक्त फिल्मच्या पट्टीला लागतं. शिवाय बोलपट येईपर्यंत हा शब्द लागण्याचं कारणच नव्हतं, कारण चित्रपट म्हणजे तोच. 'पुष्पक'ला (१९८७) लोक मूकपट म्हणतात तेही मला पटत नाही. त्यात रहदारी, दारं, भांडी सगळं ऐकू येतं, नाहीत ते फक्त संवाद. तो संवादविरहित बोलपट.

तरीही शब्द बदला असं मी म्हणणार नाही. रुळलेला आहे, अर्थ पोहोचतो. मात्र पुस्तिकेत एक गोष्ट जरूर लिहा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हा काळ सोन्याचा होता. सर्वांच्या शेजारी बसून, त्याच क्षणी, त्याच जागेवर त्यांना हसता येत होतं. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले आणि ही माणसं एका फटक्यात चित्रपटगृहाबाहेर पडली. ग्रॅनव्हिल रेडमंड नावाचा एक कर्णबधिर निसर्गचित्रकार चॅप्लिनचा मित्र होता. चॅप्लिनने त्याला आपल्या स्टुडिओत चित्रं काढायला जागा दिली होती आणि काही चित्रपटांत लहान भूमिकाही. 'सिटी लाइट्स'मधला (१९३१) शिल्पकार तोच. इतर सगळे बोलपटाकडे वळले असताना चॅप्लिनने त्या चित्रपटात संवाद आणले नाहीत. माझ्या वर्गातली मुलं हे चित्रपट पाहताना कुणाकडेही वळून 'काय म्हणाला?' असं खुणेने विचारत नाहीत. इतर चित्रपटांना सतत विचारतात.

प्रतिसाद

माकडचेष्टा हा शिक्का का बसला याचं एक तांत्रिक कारणही आहे. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवत. वेग ठरलेला नसे, बऱ्याचदा सेकंदाला १६ ते २० चौकटी (फितीवरची एकेक चित्रं) असा काहीतरी. बोलपटांसाठी २४ चौकटींचा वेग कायम झाला आणि जुन्या फिती त्याच यंत्रांवर चालवल्या गेल्या. त्यामुळे माणसं तुरुतुरु पळताना, झटके देत चालताना दिसू लागली. दूरदर्शनवर आपण पाहिलेला चॅप्लिन बहुधा तसाच होता. विनोदी चित्रपटांत कॅमेरा मुद्दाम थोडा सावकाश फिरवून वेग वाढवत हे खरं, पण ते मोजूनमापून. योग्य वेगाने दाखवलेली प्रत मिळवा. चॅप्लिनची चाल नृत्यासारखी आहे हे तेव्हा कळतं.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. शीर्षकात 'आंगिक विनोद' घेतलं, एकदा 'स्लॅपस्टिक' देऊन सोट्याची गोष्ट सांगितली, आणि पुढे सगळीकडे क्रियापदांवर भिस्त ठेवली. हॅरल्ड लॉईडच्या 'सेफ्टी लास्ट!'साठी (१९२३) मराठीने आयता वाक्प्रचार दिला: तो घड्याळाच्या काट्याला लटकलाय आणि प्रेक्षकांचा जीव टांगणीला. चार वर्षं आधी एका बॉम्बच्या अपघातात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती, आणि तो हे सगळं हातमोज्यात खोटी बोटं घालून करत होता, हेही लिहिलं आहे.

शेवटची अडचण. मधेमधे पडद्यावर जो मजकूर येतो त्याला काय लिहू? 'उपशीर्षक' बरोबर वाटत नाही.

प्रतिसाद

उपशीर्षक चित्राच्या खाली येतं, हा मजकूर चित्र थांबवून येतो. 'पाटी' लिहा. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्येही (१९१३) हिंदी-इंग्रजी पाट्या आहेत. विनोदी चित्रपटांत पाटी फार जपून वापरावी लागते, कारण प्रेक्षक वाचत असताना हसत नाही. कीटन म्हणायचा की एरवी एका चित्रपटात सरासरी २४० पाट्या असत, त्याने स्वतः जास्तीत जास्त ५६ वापरल्या. पुस्तिकेत हा आकडा टाका, आणि सत्राआधी निवेदन करणाऱ्यांना सांगा की पाट्या मोठ्याने वाचून दाखवायच्या असतील तर चित्र परत यायच्या आत वाचून संपवा.