बाळाचं पहिलं मोठं आजारपण : तुम्ही कसं निभावलंत?

सर्दी-पडसं, लसीनंतरचा ताप, दात येतानाचे जुलाब यांवर सल्ला द्यायला घरोघरी माणसं असतात. हा धागा त्याच्या पुढच्या आजारपणाचा आहे. डॉक्टर 'ॲडमिट करावं लागेल' म्हणतात आणि आपल्याला आईबाप होऊन जेमतेम काही दिवस किंवा महिने झालेले असतात, तेव्हाचा. औषधांची नावं आणि डोस नकोत, ते ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांवर सोडू. त्या रात्री घरात कोण होतं, कोण काय म्हणालं, काय कामी आलं ते लिहा.

मीच सुरुवात करते. लेक जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत पिवळी दिसायला लागली. 'कोवळ्या उन्हात धर, जाईल' हे सगळ्यांचं मत. तपासणीत बिलिरुबिन, म्हणजे कावीळ करणारं रक्तातलं पिवळं द्रव्य, बरंच वर निघालं आणि तिला फोटोथेरपीला ठेवलं. निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. माझे टाके ओले, आणि एनआयसीयूबाहेरच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या) प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी नुसती रडत होते. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, रडायचं तर रडा, पण आधी जेवा. दूध हेच तिचं निम्मं औषध आहे." नंतर त्यांनी समजावलं की दिव्यामुळे बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शी-शूवाटे बाहेर पडतं, म्हणून दर दोन-तीन तासांनी पाजायचं. काहीतरी आपल्या हातात आहे हे कळल्यावर रडणं आपोआप कमी झालं.

सांगलीहून एक बाबा

मुलगी सव्वा वर्षाची. दिवसभर किरकोळ ताप, रात्री एकदम अंग ताठ, डोळे पांढरे, हातपाय झटकायला लागली. आई कांदा फोडायला धावली, शेजारचे काका चप्पल घेऊन आले, कुणीतरी दातात चमचा घाला म्हणालं. बायकोनं तेवढ्यात डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. ते एवढंच म्हणाले, "कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा." मी घड्याळ बघत बसलो. दोन मिनिटांच्या आत थांबलं असेल, मला मात्र त्यात एक जन्म गेला असं वाटलं.

तापातली आकडी साधारण ६ महिने ते ५ वर्षं या वयात येते, मेंदूला इजा होत नाही, पाच मिनिटांच्या वर चालली तर थेट हॉस्पिटल, हे सगळं दुसऱ्या दिवशी ऐकलं. तिघांतल्या एका मुलाला पुन्हा येते, हेही. आमच्याकडे नंतर आली. तोवर डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला होता, पण तो लागला नाही.

मला खरा राग आला तो नातेवाइकांच्या कुजबुजीचा. 'मुलीची जात आहे, फिट येते म्हणून बाहेर बोलू नका.' मी पाळणाघरात लेखी दिलं. काय करायचं, काय नाही, आणि माझा नंबर. तिथल्या मावशींनी तो कागद फ्रीजवर चिकटवला.

डोंबिवली, मुलगा

वर दात येतानाचे जुलाब लिहिलंय म्हणून थांबले. दातांनी जुलाब होत नाहीत, असं आमच्या डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं होतं. आठ महिन्यांचा होता, उलट्या-जुलाब, टाळू खोल गेलेली, रडला तरी डोळ्यांत पाणी नाही. सलाईन लावून घरी आणल्यावर खरी लढाई ओआरएसची. सासूबाई पाकिटातली चिमूट वाटीभर पाण्यात घालायच्या, वाया जाऊ नये म्हणून. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम सगळं घालायचं असतं, नाहीतर मीठ-साखरेचं प्रमाण चुकतं. भांडण नको म्हणून डॉक्टरांनाच त्यांच्याशी बोलायला लावलं. मग तेच पाणी चमच्या-चमच्यानं त्यांनीच पाजलं, न कंटाळता, रात्रभर. आणखी एक म्हणजे डायपर काढून सुती लंगोट बांधला. शू होतेय की नाही ते डायपरमध्ये समजत नव्हतं.

बर्मिंगहॅमहून

आमच्याकडे ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे छातीतल्या बारीक श्वासनळ्यांना सूज, आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे. बाळ अडीच महिन्यांचं. दूध निम्म्यावर आलं, बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जायची. ॲडमिट केलं, ऑक्सिजन लावला, नाकातून नळी घालून दूध. बास. अँटिबायोटिक नाही, नेब्युलायझर नाही. सोलापूरहून व्हिडिओ कॉलवर आई-बाबा विचारायचे, "औषध काय चालू आहे?" "काही नाही." "काही नाही म्हणजे?" रोज हाच संवाद. विषाणूचा आजार आहे, शरीरच तो परतवतं, आपण तोवर श्वास आणि दूध सांभाळायचं, हे माझ्याच गळी उतरत नव्हतं तर सोलापुरात कसं उतरणार! इथे आता २०२४ च्या सप्टेंबरपासून गरोदरपणात २८व्या आठवड्यापासून आरएसव्हीची लस देतात. आमच्या वेळी नव्हती.

प्रश्न : श्वास जोरात चाललाय हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मला तर लेकाचा श्वास कायमच जोरात वाटतो.

पुन्हा बर्मिंगहॅम : मोजून. बाळ शांत किंवा झोपेत असताना, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. लहान बाळं मध्येच थांबून श्वास घेतात, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे जलद. आणि आकडा कमी असला तरी बाळ निळसर पडलं, कण्हायला लागलं किंवा दूधच ओढेना, तर मोजत बसू नका, निघा.

गडचिरोली जिल्हा

माझं बाळ वजनानं कमी होतं. ताप अजिबात नव्हता, म्हणून घरात सगळे निवांत. 'गुणी आहे, रडत नाही.' मलाच दूध ओढणं कमी वाटत होतं, पण पहिलटकरणीचं कोण ऐकतो? आशाताई ठरल्या भेटीला आल्या. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी त्या येतात. पोटाला, पायांना हात लावला, तर गार. थर्मामीटरही खाली. त्यांनी बाळ माझ्या छातीशी उघड्या अंगानं बांधलं, वरून गोधडी, आणि १०८ बोलावली. जंतुसंसर्ग निघाला. आमच्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी शिकवली आणि बाळमृत्यू कमी करून दाखवले. आशाताईंच्या या भेटी त्याच कामातून आल्या. तान्ह्या बाळाला ताप नसला, अंग उलट थंड पडलं, तरी आजार मोठा असू शकतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

एक आजी

वर सगळ्या आज्यांना बोलणी बसलीत, त्यातली निम्मी खरी आहेत. नातू ॲडमिट होता तेव्हा मी ठरवून एकही उपाय सुचवला नाही, जीभ चावून बसले. डबा नेला, सुनेचे कपडे धुतले, आणि बघायला येणाऱ्यांना फोनवरच थोपवलं. हे शेवटचं सर्वांत अवघड गेलं. एक मामेसासरे अजून रुसलेले आहेत.

पुणे, बाबा

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. बऱ्याच वैयक्तिक मेडिक्लेममध्ये बाळ ९१व्या दिवसापासून धरतात. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत बहुधा पहिल्या दिवसापासून, पण जन्म ठरावीक मुदतीत कळवावा लागतो. मुलाची कावीळ उतरली नव्हती तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून एचआरला ईमेल करत होतो आणि बायको म्हणत होती, आत्ता हे सुचतं कसं तुला? नावाचा रकाना सक्तीचा होता. बारसं व्हायचं होतं, म्हणून 'बेबी ऑफ' आणि बायकोचं नाव घातलं. क्लेम त्याच नावानं पास झाला.