सोलापूरचं ऊन आणि इपॉक्सी

जुन्या एंटरप्रायझचा, म्हणजे शिडाच्या छोट्या लाकडी बोटीचा, कुजलेला तळ मे महिन्यात गच्चीवर बदलायला घ्यावा का, असं एकाने विचारलंय. जुना रंग खरवडणं, घासणं खुशाल करा. इपॉक्सीची, म्हणजे राळ आणि हार्डनर कालवून लावायच्या घट्ट होणाऱ्या मिश्रणाची, मात्र घाई नको. आपल्याकडे पारा चाळिशीपार गेला की डब्यात कालवलेलं मिश्रण स्वतःच्या उष्णतेने आणखी तापतं आणि ब्रश बुडवेपर्यंत दगड होतं. स्लो हार्डनर (सावकाश घट्ट करणारा) घ्या, थोडंथोडं कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता.

इपॉक्सी पहाटे लावा, असा सल्ला काहींनी दिलाय, तो मला पटत नाही. दिवस चढतो तशी लाकडातली हवा फुगते आणि थरात बुडबुडे उठतात. संध्याकाळी, लाकूड निवत असताना पहिला हात द्या.

प्लायवूड आयएस ७१० (मरीन प्लायवूडचं भारतीय मानक) घ्या, पण तक्ता उचलून बघा. आपल्याकडचे काही जाम जड असतात. ब्रिटिश बोट-रचनाकार जॅक होल्टने १९५६ साली आखलेली ही ४.०४ मीटरची बोट, शर्यतीत फुकटचं वजन कशाला वाहायचं? आणि हिप्परग्याच्या तलावावर नेण्याआधी हवाबंद टाक्यांच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून टाकीत तोंडाने हळूच हवा फुंका; बुडबुडे उठले तर तिथे गळती. कॉम्प्रेसर नको, सांधेच उचकटतील!