तिन्ही वाक्यं खरी, मग निष्कर्ष चूक कसा?

स्वल्पविराम: तर्कशास्त्राचा सराव करतेय आणि एका प्रश्नावर गाडी अडकलीये. "सगळे सस्तन प्राणी फुफ्फुसाने श्वास घेतात. देवमासा फुफ्फुसाने श्वास घेतो. म्हणून देवमासा सस्तन प्राणी आहे." उत्तरात लिहिलंय, निष्कर्ष निघत नाही. अहो पण देवमासा सस्तन प्राणीच आहे ना! कुणीतरी नीट समजावा, नुसतं 'तसा नियम आहे' नको.

गारवेल: उत्तर बरोबर आहे. देवमासा काढून तिथे मगर टाका, बाकी काही बदलू नका. मगरही फुफ्फुसानेच श्वास घेते, म्हणजे वरची दोन्ही वाक्यं खरीच राहिली, पण शेवटी मगर सस्तन ठरली आणि ती तर सरपटणाऱ्या प्राण्यांत येते. जो साचा, म्हणजे वाक्यांची मांडणी, एकदा जरी खऱ्यावरून खोट्यावर नेतो तो अवैध, विषय संपला. देवमासा सस्तन आहे हे तुम्हाला आधीपासून माहितीये, या दोन वाक्यांतून ते कळलेलं नाहीये. भले भले इथेच फसतात, निष्कर्ष ओळखीचा दिसला की मधली पायरी कुणी तपासतच नाही.

जुनी_वही: न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या भारतीय तर्कपरंपरेत, याला सव्यभिचार हेत्वाभास (सदोष हेतूचा एक प्रकार) म्हणतात, म्हणजे जो हेतू (कारण) दिलाय तो साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचंय ते, नसलेल्या ठिकाणीही सापडतो. धूर दिसला की अग्नी आहे म्हणता येतं, पण अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असं नाही, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. तुमच्या प्रश्नात पहिलं वाक्य नकळत असंच उलटं वाचलं जातंय. हे उदाहरण शेकडो वर्षं शिकवलं जातंय आणि मला अजूनही यापेक्षा चांगलं सापडलेलं नाही.

त्रिज्या: गारवेल यांची युक्ती भारी आहे पण ती एकाच बाजूने चालते हे लक्षात ठेवा. मगर सापडली तर साचा अवैध, पण नाही सापडली म्हणून वैध असं होत नाही, कदाचित तुम्हाला सुचली नसेल. वैध आहे हे दाखवायचं तर व्हेन आकृती काढा, प्रत्येक गटाला एक अशी तीन वर्तुळं एकमेकांत अडकलेली, म्हणजे आठही भाग समोर येतात. आपल्याला सोयीचं एकच चित्र काढून लोक मोकळे होतात, ते नको.

स्वल्पविराम: मगरीमुळे एकदम लख्ख कळलं!! अजून एक विचारते, "सगळे क हे ख, सगळे क हे ग, म्हणून काही ख हे ग." एकीकडे वैध दिलंय, दुसरीकडे अवैध.

त्रिज्या: दोन्ही बरोबर, गृहीत काय धरलंय त्यावर आहे. सगळ्या जलपऱ्या स्त्रिया असतात, सगळ्या जलपऱ्यांना माशाची शेपटी असते, म्हणून काही स्त्रियांना माशाची शेपटी असते? जलपरीच नाहीये तर ती 'काही' आणायची कुठून. अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत प्रत्येक गटात निदान एक तरी सदस्य आहे असं धरतात, मग हा साचा वैध. आधुनिक तर्कशास्त्र तसं धरत नाही. म्हणूनच दोन वाक्यं आणि एक निष्कर्ष अशा युक्तिवादाच्या एकूण 256 साच्यांपैकी वैध किती याची उत्तरंही दोन मिळतात, जुन्या पद्धतीने 24 आणि नव्या पद्धतीने 15. तुमच्या पुस्तकात 'सगळे'वरून 'काही' काढू देतात का ते आधी बघून घ्या, मग सोडवा.