पुढचं पुस्तक: ‘झेप’ घेऊया का?

मंडळी, सप्रेम नमस्कार.

ऐतिहासिक कादंबरी घ्यायची एवढं आपल्या वाचनगटाच्या गेल्या बैठकीत ठरलं आणि ‘पानिपत’, ‘छावा’, ‘राऊ’, ‘श्रीमान योगी’ अशी नावं धडाधड आली. सगळी आपल्या घराघरांत आहेत, बहुतेकांची दोनदा वाचून झाली आहेत. मला वाटतं, या वेळी ना. सं. इनामदारांची ‘झेप’ घ्यावी. १९६३ साली आलेली, त्र्यंबकजी डेंगळ्यांवरची.

डेंगळे म्हटलं की शाळेतली एकच ओळ आठवते: पंढरपूर, १८१५, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून. दुसऱ्या बाजीरावाचा दुष्ट सल्लागार, विषय संपला. पण जासूद म्हणून लागलेला माणूस पेशव्यांचा कारभारी होतो आणि इंग्रजांना इतका सलतो, की पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन त्याला पेशव्यांकडून हट्टाने मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात डांबतो. मी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. ज्याच्या नावाखालून रोज वर्गात जायचो, तो या गोष्टीत आहे हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या रविवारी आईला घेऊन ठाण्याला मावशीकडे गेले होते. परतताना रिक्षा मुद्दाम जेलच्या बाजूने घ्यायला लावली. त्या किल्ल्यात आजही तुरुंगच आहे. भिंत पावसाने काळी पडलेली, दगडांच्या सांध्यांतून हिरवं उगवलेलं. त्र्यंबकजीने पहारेकऱ्यांना फितवू नये म्हणून त्याच्यावर पहारा फक्त गोऱ्या शिपायांचा ठेवला होता. आणि नेमकं तेच इंग्रजांना नडलं! बाहेर घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार मराठीत गाणं म्हणत राहायचा, त्यातच पळून जायचा बेत सांगितलेला असायचा, आणि पहारेकऱ्यांना एक अक्षर कळायचं नाही. ही हकिगत पुढे कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर याने लिहून ठेवली. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी निसटला. आई भिंतीकडे बघत एवढंच म्हणाली, “भाद्रपदातला पाऊस असेल गं तेव्हा.”

वाचनालयातून आणलेली प्रत जुनी आहे, शिवण सुटलेली. आधीच्या कुणा वाचकाने समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, “खरे?” असं चार-पाच ठिकाणी. मला आपल्या गटात नेमकी हीच चर्चा हवी आहे. महाराजांवरची किंवा पानिपतावरची कादंबरी वाचताना आपण भारावतो, डोळे पुसतो, आणि कादंबरीकाराने काय रचलं हे विचारायचं राहून जातं. डेंगळ्यांवर आपली आधीची भक्ती नाही, त्यामुळे विचारता येईल.

– दादरहून, ताई



ताई, नमस्कार.

तुझ्यासारखाच मीही सध्या इकडे मुंबईत आलोय, पार्ल्यात लेकीकडे आहे, म्हणून लगेच लिहितो. तुझा मुद्दा पटला, पण माझं मत माधवराव पेशव्यांवरच्या ‘स्वामी’ला. कारण सांगतो. आपल्या गटात आता चार-पाच जण असे आहेत की जे मराठी बोलतात छान, पण वाचताना बोट ठेवून वाचतात. उत्तर पेशवाईतलं राजकारण, होळकर, शिंदे, गायकवाड, वसईचा तह, हे सगळं त्यांच्यावर एकदम ओतलं तर ती मुलं पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटतील. ‘स्वामी’त घर आहे. सोळाव्या वर्षी पेशवेपद, काकाशी भांडण, रमाबाई, आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला शेवट. हे कुणालाही कळतं. रणजित देसाईंना त्यासाठी साहित्य अकादमी मिळालं ते उगाच नाही.

शिवाय सप्टेंबरात आपल्याकडे गणपती. नाटकाच्या तालमी सुरू झाल्या की कुणी पानही उलटत नाही, हे तुलाही माहीत आहे.

– काका



काका, नमस्कार.

बोट ठेवून वाचणाऱ्यांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, बरं झालं लिहिलंत. पण म्हणून त्यांना सोपंच द्यायचं, हे मला मान्य नाही. माझी भाची त्यांच्यातलीच. तिला मी काल व्हिडिओ कॉलवर त्या मोतद्दाराची गोष्ट सांगितली, तर पहिला प्रश्न आला: “मग गाण्याचे शब्द काय होते?” मराठी येत नाही म्हणून पहारेकरी फसले, हे त्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त भिडेल. सुरुवातीची पन्नास पानं मी मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून पाठवते. कोण कुणाचा, हे एका कागदावर लिहून देणं तुमच्याकडे. तुमच्याइतकं नीट कुणी करणार नाही.

तालमींचं म्हणाल तर वाचन ऑगस्टमध्ये सुरू करू, बैठक अनंत चतुर्दशीनंतर घेऊ. ‘स्वामी’ नोव्हेंबरला घ्यावी. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला गेले. त्या आठवड्यात थेऊरचा भाग तुम्ही वाचून दाखवा. तुमच्या तोंडून ऐकायची माझी फार इच्छा आहे.

बाकीच्यांनी ‘झेप’च्या किती प्रती हव्यात ते शुक्रवारपर्यंत कळवा. शनिवारी सकाळी मी पुस्तकांच्या दुकानांत फिरणार आहे. परतताना माझ्या बॅगेत आठ मावतील, त्यावर लागल्या तर काका, तुमच्या बॅगेत जागा ठेवा.

– ताई