पिट्सबर्ग : चौक सजवा, पण आधी पुलांवरच्या जाळ्या साफ करा

नदीसंगम

एनएफएल ड्राफ्ट म्हणजे कॉलेजच्या फुटबॉल खेळाडूंना व्यावसायिक संघांनी निवडून घ्यायचा तीन दिवसांचा सोहळा. 2026 च्या एप्रिलमधला ड्राफ्ट पिट्सबर्गला मिळाला आणि डाउनटाउनचं रूप पालटायची घाई सुरू झाली. मार्केट स्क्वेअर नव्यानं बांधायचा, पॉइंट स्टेट पार्क नीटनेटकं करायचं, शिवाय पेनसिल्व्हेनियाचे राज्यपाल शपिरो यांनी 2024 मध्ये जाहीर केलेली दहा वर्षांची 60 कोटी डॉलरची योजना. आपल्या मराठी मंडळींतही एकच सूर: "आता आपलं गाव जगाला दिसेल." मला या सुराचीच काळजी वाटते, म्हणून हा धागा.

मी स्क्विरल हिलला राहते. आमच्या इथून फोर्ब्ज ॲव्हेन्यूनं पुढे गेलं की फ्रिक पार्कच्या दरीवर फर्न हॉलो पूल लागतो. 28 जानेवारी 2022 ला सकाळी पावणेसातच्या सुमारास तो कोसळला. एक जोडबस आणि काही मोटारी त्याच्यासकट खाली गेल्या. दहा जण जखमी झाले, सुदैवानं जीव कुणाचाही गेला नाही. बर्फामुळे त्या दिवशी शाळा दोन तास उशिरा भरणार होत्या. एरवी त्या वेळी पुलावर कोण कोण असतं, याचा विचारही करवत नाही. योगायोग असा की त्याच दिवशी अध्यक्ष बायडन रस्ते-पुलांच्या खर्चावर बोलायला पिट्सबर्गला येणार होते.

केंद्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा, म्हणजे एनटीएसबीचा, अहवाल 2024 मध्ये आला. त्यातलं कारण इतकं साधं आहे की वाचून संताप येतो. हा पूल रंग न दिलेल्या, हवेवर सोडायच्या पोलादाचा होता. यूएस स्टीलचं कॉर-टेन याच जातीचं. ते ओलं होऊन सुकत राहिलं तर वर तांबूस थर घट्ट बसतो आणि आतलं पोलाद वाचतं. सतत ओलं राहिलं तर तो थर धरतच नाही आणि गंज आत आत खात जातो. फर्न हॉलोवर पाणी वाहून जायच्या वाटा आणि त्यांवरच्या जाळ्या पाचोळ्यानं आणि मातीनं तुंबल्या होत्या. पुलाच्या पायांशी कचरा साठायचा, तिथली ओल हटायची नाही. पाय गंजून गंजून आरपार भोकं पडली.

आणि हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही! पुलाची तपासणी नियमित व्हायची. 2011 पासून त्यावर 'पुअर' असा शेरा होता. निचरा साफ करा, गंजाकडे बघा, असं अहवाल सांगत होते. 2018 मध्ये एका नागरिकानं गंजून तुटलेल्या तिरक्या दांडीचा फोटो ट्विटरवरून महापालिकेच्या 311 या तक्रार सेवेला पाठवला होता.

आता डाउनटाउनमधला यूएस स्टील टॉवर बघा. 64 मजले, 1970 साली पुरा झाला, बाहेरचे खांब याच जातीच्या पोलादाचे, उघड्यावर उभे. पाहुणे आले की आपण माउंट वॉशिंग्टनवरून त्याच्याकडे बोट दाखवतो. तो आजही खणखणीत आहे. फर्न हॉलो पन्नास वर्षांच्या आतबाहेर दरीत गेला, कारण जाळ्या साफ करायला माणूस गेला नाही.

माझी मागणी अशी: सोहळ्यांसाठी आणि सुशोभनासाठी जो पैसा उभा राहील, त्यातला ठरावीक हिस्सा महापालिकेच्या पुलांच्या देखभालीसाठी बांधून द्यावा. असे दीडशेच्या आसपास पूल आहेत. तोवर मला त्या चौकाचं कौतुक सांगू नका.

उन्मेष_रॉस

नदीसंगम, पुलाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातल्या एका अक्षराबद्दलही वाद नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

मी या भागात आलो तो 80 च्या दशकाच्या सुरुवातीला. मोनोंगाहेला खोऱ्यातल्या पोलादाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. होमस्टेडची प्रचंड गिरणी 1986 मध्ये थांबली. सोबतचे लोक घराच्या किल्ल्या बँकेत देऊन टेक्सासला निघून जात होते. 1950 मध्ये शहराची लोकसंख्या 6,76,806 होती, 2020 मध्ये 3,02,971 उरली. अर्ध्याहून जास्त शहर उठून गेलं, पण पूल मात्र तेवढेच राहिले. त्यांच्या दुरुस्तीचे पैसे कोण देणार? जो इथे राहतो तो. आणि माणूस इथे राहावा म्हणून गावाला काहीतरी आकर्षण लागतं.

जुन्या पिट्सबर्गचे फोटो पाहा. धुरामुळे भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर महापौर डेव्हिड लॉरेन्स आणि बँकवाले रिचर्ड किंग मेलन, एक डेमोक्रॅट आणि दुसरा रिपब्लिकन, एकत्र आले. धूर आवरला, पॉइंटवरची, म्हणजे नद्यांच्या संगमावरची, गोदामं आणि रेल्वेयार्डं हटवून बाग केली. तेही तेव्हा 'दिखाऊ काम' म्हणून हिणवता आलं असतं. 1985 मध्ये नकाशे छापणाऱ्या रँड मॅकनॅलीच्या यादीत राहायला सर्वांत चांगलं शहर म्हणून पिट्सबर्गचा पहिला नंबर आला, तेव्हा हाताला काम नसलेली माणसंसुद्धा ताठ मानेनं चालली. मी ते पाहिलंय. इथल्या तिन्ही मोठ्या संघांचे रंग एकच, काळा आणि सोनेरी, शहराच्या झेंड्यातले. या अभिमानावर गाव तगलंय. त्याला नाकं मुरडू नका.

दुसरं, ड्राफ्टसाठीचा पैसा बराचसा राज्याचा आणि खासगी संस्थांचा आहे. तो नाकारला तर पुलाकडे वळणार नाही, फिलाडेल्फियाकडे वळेल.

डबलडबा

मी विद्यार्थी आहे, गाडी नाही, सगळं बसवर. 2025 मध्ये पीआरटीनं, म्हणजे इथल्या सार्वजनिक बससेवेनं, 35 टक्के सेवा कापायचा प्रस्ताव मांडला होता. आमच्या घरात चौघं, त्यातल्या दोघांनी भाड्याची जागा बदलायची तयारी केली. शेवटी कपात टळली ती कशी? नव्या गाड्या आणि दुरुस्तीसाठी राखलेला भांडवली पैसा रोजच्या खर्चाला वापरायची परवानगी मिळाली म्हणून. म्हणजे आजची बस चालवायला उद्याच्या बसचे पैसे. उन्मेष काका, अभिमान मलाही आहे, पण ड्राफ्टचे तीन दिवस संपल्यावर रात्री दहानंतर ओकलंडहून, म्हणजे विद्यापीठाच्या भागातून, घरी कसं जायचं, ते मला कुणीतरी सांगा.

सुलभा_हिल

उन्मेषजी, लॉरेन्स आणि मेलन यांचं नाव घेतलंत, तर गोष्ट पुरी सांगा.

मी हिल डिस्ट्रिक्टमध्ये एका वृद्धसेवा केंद्रात काम करते. त्याच 'पुनरुज्जीवना'त 1956 पासून लोअर हिल, म्हणजे याच वस्तीचा डाउनटाउनकडचा भाग, पाडायला घेतलं. 95 एकर, सुमारे 8,000 माणसं, बहुतेक कृष्णवर्णीय, आणि शेकडो दुकानं, जॅझचे क्लब, प्रार्थनागृहं. तिथे 1961 मध्ये उघडझाप होणाऱ्या पोलादी घुमटाचं सिव्हिक अरीना उभं राहिलं. जगात असं दुसरं नाही म्हणून शहरानं मिरवलं. भोवताली काय होतं? मोटारी लावायचं मैदान. पुढे 2012 पर्यंत अरीनाही पाडलं. 2007 च्या करारात तिथल्या 28 एकरांच्या विकासाचे हक्क हॉकी संघाला मिळाले आणि वर्षानुवर्षं तिथे मोटारीच उभ्या राहिल्या. एवढ्या काळानंतर कुठे एक मनोरा उभा राहिला, तो बँकेचा.

सेंटर ॲव्हेन्यू आणि क्रॉफर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर 60 च्या दशकात लोकांनी मोठा फलक लावला होता: या जागेपलीकडे पुनर्विकास चालणार नाही. त्या कोपऱ्याला आज फ्रीडम कॉर्नर म्हणतात. आमच्या केंद्रात येणारी एक आजी अजूनही पत्ता सांगताना पाडलेल्या गल्लीचं नाव घेते, मग थांबते आणि आताच्या वाहनतळाचं गेट सांगते. तिचं गावही पिट्सबर्गच होतं. 2013 मध्ये हिलमध्ये किराणा मालाचं मोठं दुकान आलं, 2019 मध्ये बंद पडलं, आणि पुढचं यायला 2024 उजाडलं. मधल्या काळात म्हातारी माणसं भाजीसाठी बसनं दुसऱ्या वस्तीत जात होती.

नदीसंगम, तुमच्या पुलामुळे साऱ्या देशाचं लक्ष वेधलं गेलं आणि वर्षाच्या आत नवा पूल झाला. हिलच्या वाट्याला ती घाई कधी आली नाही. देखभालीचा हिस्सा मागताना हेही मागा.

ओकेसीकर

बाहेरून येऊन बोलतोय, पण ओक्लाहोमा सिटीचा अनुभव इथे लागू पडतो. 1991 मध्ये युनायटेड एअरलाइन्सचं दुरुस्ती केंद्र आम्हाला हुकलं, ते इंडियानापोलिसला गेलं. आमच्या शहरानं देऊ केलेल्या सवलती कमी नव्हत्या. महापौर रॉन नॉरिक यांना वाटलं की गावातच काही राम नाही, म्हणून लोक यायला तयार नाहीत. डिसेंबर 1993 मध्ये मॅप्स नावाच्या योजनेवर मतदान झालं: डॉलरमागे एक सेंट विक्रीकर, ठरावीक मुदतीसाठी, कामांची यादी आधीच जाहीर, आणि कर्ज न काढता पैसा जमेल तसं बांधायचं. जेमतेम 54 टक्क्यांनी पास झालं. त्यातून ब्रिकटाउनचा कालवा, बेसबॉलचं मैदान, अरीना, वाचनालय झालं. पुढच्या फेरीत सरकारी शाळा दुरुस्त झाल्या. लोकांनी दिलेलं डोळ्यांना दिसलं म्हणून त्यांनी पुन्हा दिलं. अभिमान आणि कर यांचं असं नातं असतं. तुम्ही ते तोडायला निघालात, असं मला वाटतं.

नदीसंगम

ओकेसीकर, तुमची तुलना मला आवडली, पण आमच्याकडे नेमकं उलटं घडलंय. नोव्हेंबर 1997 मध्ये इथेही स्टेडियमांसाठी अर्धा टक्का विक्रीकर वाढवायचा का, असं 11 काउंट्यांना विचारलं. अकराच्या अकरा ठिकाणी लोकांनी 'नाही' म्हटलं. मग काय झालं? 'प्लॅन बी' आला. ॲलेगेनी काउंटीत 1994 पासून जो एक टक्का जादा विक्रीकर आहे, त्यातला अर्धा वाचनालयं, बागा, संग्रहालयं यांसारख्या सार्वजनिक ठेव्यांसाठी असतो. त्याच पैशातून स्टेडियमांची सोय लावली. 2001 मध्ये जुनं थ्री रिव्हर्स स्टेडियम सुरुंग लावून पाडलं, तेव्हा त्याच्यावरचं कर्जही फिटलं नव्हतं. तुमच्याकडे लोकांना विचारून केलं, इथे लोकांनी नकार दिल्यावर केलं. या फरकाकडे मी डोळेझाक करू शकत नाही.

शिवाय तुमच्याच गावात डिसेंबर 2023 मध्ये किमान 90 कोटींच्या नव्या अरीनाला 71 टक्के लोकांनी होकार दिला. त्यात संघमालकांचा वाटा 5 कोटींचा. लोकांनी मत दिलं म्हणून तो सौदा चांगला ठरतो का?

उन्मेष_रॉस

पीएनसी पार्क, ते नवं बेसबॉलचं मैदान, नसतं तर नॉर्थ शोअरला आज नदीकाठी चालायला कोण गेलं असतं? मतदान हरलं हे खरं, पण संघ निघून गेले असते तर तेच मतदार रडले असते.

पैशाचं खरं दुखणं वेगळीकडे आहे. तुमच्या त्या यूएस स्टील टॉवरच्या माथ्यावर आज यूपीएमसीची अक्षरं आहेत. या भागातली सर्वांत मोठी रुग्णालय-संस्था, ना-नफा म्हणून तिच्या बहुतांश मालमत्तेवर कर नाही. विद्यापीठांचंही तसंच. 2013 मध्ये महापालिकेनं यूपीएमसीवर दावा लावला आणि 2014 मध्ये नव्या महापौरांनी तो मागे घेतला. त्यात काउंटीनं 2012 नंतर मालमत्तांचं सरसकट फेरमूल्यांकन केलेलं नाही. एका चौकाच्या फरशीवर राग काढून यातलं काय बदलणार आहे?

पूलबांधणीवाला

मी स्थापत्य अभियंता, दुसऱ्या राज्यात पुलांच्या तपासणीचंच काम करतो. एक गोष्ट दोन्ही बाजूंकडून सुटतेय.

नवा पूल बांधायला पैसा मिळतो. फर्न हॉलोचा नवा पूल सुमारे 2.5 कोटी डॉलरच्या केंद्रीय निधीतून डिसेंबर 2022 मध्ये वाहतुकीला खुला झाला. मोठ्या दुरुस्तीला रोखे काढता येतात. पण दर वसंतात दोन माणसं, एक पाण्याची टाकी आणि फावडी घेऊन जाळ्या साफ करणं, हे रोजच्या खर्चात येतं. ते पालिकेच्या चालू अंदाजपत्रकातून करावं लागतं, आणि पहिली कात्री तिथेच लागते. 2003 मध्ये पिट्सबर्ग दिवाळखोरीच्या काठावर आलं, शेकडो कर्मचारी कमी केले, पोहण्याचे तलाव बंद केले. 2018 पर्यंत शहराचा कारभार राज्याच्या आर्थिक देखरेखीखाली होता. त्या सगळ्या काळात पुलावर माती साठत होती.

तपासनीस म्हणून मला याचा त्रास होतो. आम्ही लिहितो, फोटो जोडतो, पुढच्या फेरीला तीच माती आणि त्याच मातीत उगवलेलं झाड. अहवालावर कारवाई झाली की नाही हे लोकांना दिसेल असं काही करा. नदीसंगम, 'ठरावीक हिस्सा' एवढंच मागून भागणार नाही. तो भांडवली खात्यात गेला तर त्यातून आणखी एक नवा पूल होईल, जाळ्या तशाच राहतील. चालू खर्चाच्या खात्यात, पुलांच्या देखभाल-पथकाच्या नावानं मागा.

डबलडबा

पण आम्ही व्हिसावाले मागणार कसे? मत नाही.

नदीसंगम

मत नाही, पण तोंड आहे. पेनसिल्व्हेनियाच्या सनशाइन ॲक्टप्रमाणे रहिवासी किंवा करदात्याला सार्वजनिक सभेत बोलता येतं, नागरिकत्वाची अट नाही. मीही ग्रीन कार्डवर आहे. पूलबांधणीवाला यांची सूचना मी मागणीत घालते: चालू खर्चाचं खातं, देखभालीचं पथक, आणि प्रत्येक पुलावर शेवटची सफाई कधी झाली त्याची तारीख संकेतस्थळावर. सुलभाताई, हिलचा मुद्दा तुम्ही स्वतः मांडलात तर त्याला वजन येईल. याल का?

सुलभा_हिल

येईन. आजींनाही विचारते, त्यांनाच बोलू दे.

उन्मेष_रॉस

मीही येतो. घर रॉस टाउनशिपमध्ये असलं तरी ऑफिस डाउनटाउनला आहे, वर्षाला 52 डॉलर लोकल सर्व्हिसेस टॅक्स शहराला भरतो. देखभाल-पथकाला माझा पाठिंबा. पण चौकाचे पैसे कापून ते मागितलंत, तर मी विरोधात बोलणार. पैसे यूपीएमसी आणि विद्यापीठांकडून मागा.