बैठकीत सुचत नाही ते बाहेर पडताच सुचते, असे का होते?

प्रश्न (कळंगुट):
मी एका हॉटेलच्या आरक्षण विभागात काम करते. जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या राहतात, म्हणून पावसाळी पॅकेजसाठी नव्या कल्पना काढायला आम्ही अकरा जण दीड तास बसलो होतो. साहेबांनी फळ्यावर पहिलाच शब्द ‘रेन डान्स’ असा लिहिला आणि पुढची सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरत राहिली: संगीत कोणते, तिकीट किती, हिरवळीवर करायचे की तरणतलावाशेजारी. बैठकीनंतर चहा घेताना हाऊसकीपिंगमधल्या, मूळच्या सत्तरी तालुक्यातल्या बाई मला हळूच म्हणाल्या की पाहुण्यांना आषाढात माशेलचा चिखलकाला (देवळासमोर चिखलात खेळण्याचा उत्सव) दाखवावा आणि श्रावणात हळदीच्या पानांतल्या पातोळ्या त्यांच्याच हातांनी करून घ्याव्यात. हे आत का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “सगळीं इंग्लिशींत उलयतालीं, मदीं हांव कितें सांगूं?” (सगळे इंग्रजीत बोलत होते, मध्ये मी काय सांगू?) दोष बैठकीच्या पद्धतीतच आहे का?

उत्तर (वेर्णा):
ताई, माझ्या मते दोष पद्धतीतच आहे. सगळ्यांनी एकत्र बसून कल्पना बोलून दाखवण्याची ही ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ पद्धत रूढ करणारे अमेरिकी जाहिरात व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांचा दावा होता की माणसाला एकट्यापेक्षा गटात दुप्पट कल्पना सुचतात. परंतु येल विद्यापीठात 1958 मध्ये चार-चार जणांच्या गटांची तुलना एकेकट्याने विचार करणाऱ्या चौघांच्या एकत्रित कल्पनांशी केली, तेव्हा एकेकट्यांच्याच कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या. पुढे 1987 मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी याचे मुख्य कारण दाखवले: एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत सुचलेले विसरते, फिके वाटू लागते किंवा ते धरून ठेवण्याच्या नादात पुढचे सुचतच नाही. आमच्या औषध कारखान्यात मला हा अनुभव दर आठवड्याला येतो. वहीच्या कोपऱ्यात लिहिलेला मुद्दा मी कितीदा तरी स्वतःच खोडला आहे.

उत्तर (मडगाव):
वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी सामूहिक चर्चा सरसकट टाकाऊ ठरवू नये, अशी विनंती आहे. सुचण्यासाठी एकांत लागतो, पण सुचलेले पारखण्यासाठी चार डोकी लागतातच. चिखलकाल्याच्या दिवशी माशेलला गाड्या कुठे लावणार, देवस्थानची परवानगी कोणी घ्यायची, मुळात देवळातला उत्सव पॅकेजमध्ये घालणे योग्य आहे का, हे प्रश्न एकट्याला सुचणार नाहीत. शेवटचा प्रश्न तर मला फार महत्त्वाचा वाटतो.

उत्तर (फोंडा):
यावर कागदाचा उपाय आहे आणि तो आम्ही करून पाहिला आहे. जर्मनीतील बेर्न्ड रोरबाख यांनी 1968 मध्ये मांडलेल्या पद्धतीत सहा जण पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहितात आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवतात, म्हणजे अर्ध्या तासात 108 नोंदी होतात आणि तोपर्यंत कोणी तोंड उघडलेले नसते. आमच्याकडे इतक्या कधीच झाल्या नाहीत, पुष्कळ नोंदी एकसारख्या निघाल्या, पण ज्यांचा आवाज मी बैठकीत कधी ऐकला नव्हता त्यांची अक्षरे त्या कागदांवर होती. दोन गोष्टी मात्र सांभाळा. साहेबांनी आपले मत शेवटी सांगावे. आणि लहान कार्यालयात अक्षर ओळखू येते, म्हणून चिठ्ठ्या एकाच व्यक्तीने वाचून दाखवाव्यात. भाषेची अट तर अजिबात नको. ज्या भाषेत माणूस घरी भांडतो, त्याच भाषेत त्याला सुचते.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या बैठकीत पहिली वीस मिनिटे फक्त लिहिण्यासाठी द्यावीत, कोंकणी, मराठी, इंग्रजी काहीही चालेल, असे साहेबांना सुचवले आणि त्यांनी मान्य केले आहे. देवस्थानचा मुद्दा मी त्या बाईंना विचारला. त्या म्हणाल्या की चिखलकाला राहू दे, पातोळ्यांपासून सुरुवात करूया, हळदीची पाने आपल्या परसातून आणीन.